फलटणचे वाडे आणि शेजार

राजांचा, लढायांचा व तहांचा इतिहास लिहिणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. घरांचा इतिहास लिहावा असे मात्र फारच थोड्यांस वाटले. फलटणचे नाव काढताच सुशिक्षित वाचकांस निंबाळकरांचे जुने घराणे आठवते, शिवाजीमहाराजांच्या राणी सईबाई यांचे ते माहेर हे आठवते, बजाजी निंबाळकरांच्या धर्मांतराची व पुन्हा स्वधर्मात येण्याची कथा आठवते. परंतु त्या गावात सामान्य माणसे कोणत्या घरांत राहिली, आणि घराची घडण पालटली तेव्हा शेजाऱ्यापाजाऱ्यांशी त्यांचा व्यवहार कसा पालटला, याचा विचार आपण सहसा करीत नाही. वस्तुतः सनदा व तहनामे यांच्यापेक्षा घराचा उंबराच मनुष्याच्या नित्याच्या आयुष्यावर अधिक सत्ता चालवितो.

हल्ली चार वडीलधारी मंडळी एकत्र जमली की एक उद्गार हटकून ऐकू येतो: वाडे गेले आणि त्यांच्याबरोबर शेजारही गेला. हा उद्गार मनापासूनचा असतो व त्यात तथ्यही आहे. तथापि इतिहासाच्या दृष्टीने पाहता त्यात एक मोठी गफलत आहे, आणि ती उलगडून दाखवावी एवढाच या लेखाचा हेतू आहे. ज्या शेजाराबद्दल आपण हळहळतो, तो मूळच्या वाड्यात नव्हताच. वाड्याचे वैभव उतरून त्यात बिऱ्हाडे शिरली तेव्हा तो जन्मास आला, आणि सुमारे दोन पिढ्या टिकला.

फलटण हे सातारा जिल्ह्याच्या ईशान्येकडील, बाणगंगेच्या काठचे गाव. एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरास वर्षाला ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस कोसळतो आणि फलटणकडे तो ५०० च्या आसपासच रेंगाळतो. घरांच्या घडणीचा पहिला कायदा या आकड्यांनीच करून ठेवला होता. कोकणात व घाटमाथ्यावर उतरते कौलारू छप्पर. इकडे मात्र लाकडी तुळया, त्यांवर कडीपाट आणि वर पांढऱ्या मातीचे माळवद. पावसाळ्यापूर्वी माळवदावर नवी माती ओढावी, उन्हाळ्यात त्यावर वाळवणे घालावीत, रात्री अंथरुणे टाकावीत. वाराच्या नावांच्या पेठा, मधोमध राममंदिर, त्याच्या शेजारी जब्रेश्वराचे जुने दगडी देवालय, आणि निंबाळकरांचा मुधोजी मनमोहन राजवाडा, अशी गावाची ठेवण. महानुभाव पंथीयांस हे गाव तीर्थाच्या ठिकाणी. जैनांची वस्तीही जुनी व प्रतिष्ठित. १९०१ साली गावची लोकसंख्या १० हजारांच्या आतच होती, म्हणजे कोणता वाडा कोणाचा हे लहान मुलासही सांगता यावे एवढेच गाव.

आता त्या मूळच्या वाड्याकडे पाहू. दगडी जोते, त्यावर पांढरीच्या मातीच्या जाड भिंती, रस्त्याकडे खिडकी जवळजवळ नाहीच. मोठ्या दरवाजाला लहान दिंडी. आत शिरताच देवडी, मग चौक, चौकाभोवती सोपा, त्यापलीकडे माजघर, देवघर, स्वयंपाकघर, शेवटी परसू व आड. ही रचना उन्हासाठी उत्तम होती आणि दरोड्यासाठीही. मात्र ती शेजाऱ्याकरिता केलेली नव्हती. रस्त्याला पाठ फिरवून बसलेले हे घर एका कुळाचे होते, आणि येणाऱ्या माणसाने कोठपर्यंत यावे हे त्याच्या प्रत्येक पायरीवर जणू लिहिलेले होते. कोणी ओट्याशी थांबावे, कोणी देवडीत बसावे, कोणी सोप्यावर चढावे, माजघरात कोणाचा पाय पडावा, हे सर्व जातीने, नात्याने व दर्जाने ठरलेले असे. ज्यांस ओट्यासही शिवता येत नसे, ते रस्त्यावरूनच हाक देत.

वाड्याच्या मागील बाजूसही एक इतिहास आहे. तो स्मरणरंजनाच्या लेखांत सहसा येत नाही. मागच्या अंगास अरुंद बोळ असे, तेथे टोपलीचे संडास उघडत, आणि पहाटे त्या बोळाने मैला वाहणारा माणूस येऊन जाई. पुढच्या दाराने त्याचे तोंड कोणी पाहिलेले नसे. १९४९ साली मुंबई सरकारने बर्वे यांच्या अध्यक्षतेखाली सफाई कामगारांच्या राहणीची चौकशी करण्यासाठी समिती नेमली, तेव्हा महाराष्ट्रातील गावोगावच्या या बोळांकडे सरकारदरबारी प्रथमच नीट लक्ष गेले. गावचा शेजार किती प्रेमळ होता हे ठरविताना या बोळातील साक्षही काढली पाहिजे.

घरातील पाण्याची गोष्टही तीच. मूळचे सातारा जिल्ह्यातील कटगुणच्या घराण्यातले जोतीराव फुले यांनी १८६८ साली पुण्यात आपल्या घरचा हौद अस्पृश्यांस खुला केला, तेव्हा केवढा गहजब झाला! एका घराने आपले पाणी शेजाऱ्यास दिले ही गोष्ट इतिहासात नोंदवावी लागली, यावरूनच त्या काळच्या घरांची सामान्य रीत काय होती ते कळून येते.

माणसे आळीआळीने राहत, आणि आळी बहुधा जातीची असे. भाषाही आळीप्रमाणे वेगळी. मॅक्सीन बर्नसन या अमेरिकन विदुषी १९६० नंतरच्या दशकात फलटणास आल्या, त्यांनी गावच्या बोलीत जातीनुसार व शिक्षणानुसार पडणारे भेद तपासून १९७३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठास प्रबंध सादर केला, आणि पुढे त्या येथेच शिक्षणकार्यात रमल्या. चार-दोन पेठांच्या गावात प्रबंध होण्याइतके बोलीभेद सापडावेत, यात नवल वाटण्यासारखे काही नाही. एकमेकांच्या माजघरात न गेलेली माणसे एकसारखी कशी बोलणार?

ही व्यवस्था एकाएकी मोडली नाही. प्रथम प्लेग आला. १८९६ नंतरची पंधरावीस वर्षे दक्षिणेतील गावे वरचेवर ओस पडत, आणि माणसे रानात झोपड्या बांधून महिने काढीत. गावठाणाबाहेर राहता येते, किंबहुना तेथे हवा बरी असते, हे लोकांस प्रथम या आपत्तीने शिकविले. मग कालवा आला. १९२८ साली भाटघरचे नवे धरण पुरे झाले, नीरेच्या उजव्या कालव्याचे पाणी तालुक्यात खेळू लागले, आणि जेथे बाजरी होई तेथे ऊस उभा राहिला. पाठोपाठ साखरवाडीचा कारखाना निघाला व त्याबरोबर फलटण संस्थानात घराचा एक अगदीच नवा प्रकार अवतरला, तो म्हणजे कारखान्याच्या वसाहतीतील खोल्या. येथे घर जातीवरून वा कुळावरून न मिळता कामावरून मिळे. मुकादमाच्या भिंतीस भिंत लावून कोणता फिटर राहील हे कारखानदार ठरवी. नोकरी सुटली की घर सुटे, हे त्याचे दुसरे अंग.

परंतु खुद्द गावातील वाड्यांचा कायापालट झाला तो १९४८ नंतर. त्या वर्षी जानेवारीअखेर गांधीजींच्या हत्येनंतर सातारा-सांगली-कोल्हापूर भागातील अनेक खेड्यांत ब्राह्मणांची घरे जाळली गेली, आणि कित्येक कुटुंबांनी खेडे कायमचे सोडून तालुक्याची गावे व शहरे गाठली. ८ मार्च १९४८ रोजी फलटण संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. श्रीमंत मालोजीराव नाईक निंबाळकर यांच्या दरबारावर पोसलेला कारकून, कामदार, वकील असा जो वर्ग होता त्याचा आधार सुटला. त्यानंतर कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरविला आणि वाडेवाल्यांची जमीन कसणाऱ्यांच्या नावे झाली. ही गोष्ट न्यायाचीच होती. पण ज्या धान्यावर वाडा चाले ते धान्य येणे थांबले. मुले पुण्यामुंबईस नोकरीला गेली. मागे म्हातारी माणसे, मोठा चौक आणि गळणारे माळवद.

अशा वेळी गाव मात्र वाढत होते. तालुक्याच्या कचेऱ्या, बँका, शाळा आल्या. १९५७ सालीच मुधोजी महाविद्यालय निघाले. फलटणच्या या वाढीचा व भोवतालच्या खेड्यांशी असलेल्या त्याच्या संबंधांचा अभ्यास इरावती कर्वे व जयंत रणदिवे यांनी केला, आणि डेक्कन कॉलेजने तो १९६५ साली प्रसिद्ध केला. एका तालुक्याच्या गावास असे अभ्यासक मिळावेत हे त्याचे भाग्यच म्हटले पाहिजे. बाहेरून आलेल्या मास्तरांस, कारकुनांस व कारखान्याच्या माणसांस राहावयास जागा हवी होती. वाडेवाल्यांस चार रुपये हवे होते. सोप्याला पडदी घालून दोन खोल्या झाल्या, देवडीत शिंपी बसला, माजघराचे दोन भाग झाले, माडीवर एक बिऱ्हाड चढले. १९४७ च्या मुंबई भाडेकायद्याने पुण्यामुंबईकडे भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली होती. लहान गावांत कायद्याने जे होत नसे ते भिडेने होई. भाडे वाढत नसे म्हणून मालक डागडुजी करीत नसे, डागडुजी नाही म्हणून भाडेकरू भाडे वाढवू देत नसे. या तंट्यात भिंती खचल्या, पण त्या खचेपर्यंतच्या तीसचाळीस वर्षांत वाड्याच्या आत एक निराळाच संसार उभा राहिला.

आपण ज्यास वाडासंस्कृती म्हणतो ती हीच. एका कुळासाठी बांधलेल्या घरात आठदहा कुळे. नळ एक, आड एक, चौक एक, दिंडीदरवाजा एक, आणि कित्येकदा वर्तमानपत्रही एकच. ते मालकांकडून माडीवर व माडीवरून देवडीत येईपर्यंत संध्याकाळ होई. पहाटे नळावर हंड्यांची रांग, रांगेत भांडण, आणि नऊ वाजता भांडलेल्या बाईचेच मूल मांडीवर घेऊन दुसरी तिला म्हणणार, तुम्ही कचेरीत डबा देऊन या, मी याला निजवते. उन्हाळ्यात माळवदावर कुरडयांचा घाट एका घरचा, पण हात सर्वांचे. बाळंतिणीची खोली कोणाचीही असो, रात्री दिवा चार घरांत जागा असे. नवरात्रात चौकात भोंडला, खिरापत ओळखण्याची धांदल, आणि खिरापतीच्या डब्यावरून कोणाच्या घरी महिनाअखेर आली आहे याचा अचूक अंदाज. परीक्षेचा निकाल एकट्याचा नसे. मृत्यू तर नाहीच नाही. पाणी तापविण्यापासून तेरा दिवसांच्या जेवणापर्यंत कोणी काही सांगावे लागत नसे. १९८७ साली दूरदर्शनवर रामायण सुरू झाले तेव्हा ज्याच्या खोलीत संच असेल त्याची खोली रविवारी सकाळी वाड्याचा सोपाच बनून जाई. मालकाच्या मूळ सोप्यावर कधी न चढलेली माणसे या नव्या सोप्यावर नि:शंकपणे बसली, हेही ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

हा जिव्हाळा खोटा होता असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मात्र तो उत्पन्न कशाने झाला ते पाहिले पाहिजे. तो टंचाईतून उत्पन्न झाला. पाणी, जागा, पैसा व एकांत या चारही गोष्टी अपुऱ्या होत्या. म्हणून माणसांस एकमेकांच्या अंगावरून जावे लागे. आणि बोलावल्यावाचून भेट होईल अशी एक तरी जागा घरात होती: नळ, चौक, जिना, ओटा. कोणी कोणास आमंत्रण देत नसे, कारण कोणी कोणास टाळू शकतच नसे.

त्याची किंमतही होती, आणि ती बव्हंशी स्त्रियांनी दिली. नव्या सुनेस नवऱ्याशी दोन शब्द बोलावयाचे तर पातळ पडदीपलीकडे ऐकणारे कान. आईकडून पत्र आले की त्याची चर्चा नळावर. मूल होत नसेल तर चौकशीला अंत नाही. ज्या ओट्यावर पुरुष रात्री दहापर्यंत गप्पा मारीत, त्या ओट्यावर घरच्या सुनेने बसणे शिष्टसंमत नव्हते. वाड्याच्या आठवणी लिहिणाऱ्यांत पुरुष अधिक आणि वाडा सुटला म्हणून सुटकेचा निःश्वास टाकणाऱ्यांत स्त्रिया अधिक, असे आमच्या पाहण्यात आले आहे. स्वतंत्र स्वयंपाकघर आणि आतून लागणारी कडी, या दोन गोष्टींचे मोल ज्यांस त्या जन्मतः मिळाल्या त्यांस कळणे कठीण.

दुसरी किंमत ज्यांस वाड्यात प्रवेशच मिळाला नाही त्यांनी दिली. मालक भाडेकरू पाहून ठेवी, म्हणजे आडनाव पाहून ठेवी. मराठा, जैन, ब्राह्मण, सोनार अशी बिऱ्हाडे एका छपराखाली आली ही मोठी क्रांती होती यात शंका नाही. आळीची भिंत तेवढी पडली. पण नव्याने शिकलेल्या दलित शिक्षकास वा कारकुनास खोली मिळविताना काय यातायात पडे, ते त्या पिढीच्या आत्मचरित्रांत पुरेसे आले आहे. आठ बिऱ्हाडांचा एक नळ सर्वांचा होता, पण ते आठ कोण हे आधीच निवडलेले होते.

यानंतरचा टप्पा बंगल्यांचा; त्यावर फार लिहिण्यासारखे नाही. लक्ष्मीनगरासारख्या नव्या वस्त्यांत, पुढे कोळकीच्या बाजूस, ज्यांस साधले त्यांनी भूखंड घेतले, भोवती कुंपण घातले, फाटकावर पितळी पाटी लावली. माणूस रस्त्यापासून वीस फूट आत गेला. बंगल्यास व्हरांडा होता, पण तो ओटा नव्हे. व्हरांड्यात बसलेल्या गृहस्थास हाक मारण्यापूर्वी फाटकाची कडी वाजवावी लागते, आणि कडी वाजविणारा पाहुणा होतो.

सदनिकांचे प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. मुंबईत सदनिकांच्या मालकीचा कायदा १९६३ साली झाला. पुण्यात १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने नदीकाठचे वाडे उद्ध्वस्त केल्यावर नव्या घरांची गरज निकडीची झाली होती. फलटणास ही लाट उशिरा पोचली. पण कारखानदारी वाढली, कमिन्ससारख्या कंपनीचे मोठे उत्पादनकेंद्र तालुक्यात आले, २०१९ साली लोणंदहून आगगाडी आली, आणि पडक्या वाड्याच्या जागी चारमजली इमारत हे दृश्य नित्याचे झाले. वारसदार पुष्कळ आणि जागा एक, अशा वेळी वाडा मोडून सदनिका वाटून घेणे हाच तंटा मिटविण्याचा उपाय ठरतो. गंमत अशी की, वाडा पाडून उभारलेल्या इमारतींस ‘वाडा’ हे नाव देण्याची टूम हल्ली निघाली आहे.

सदनिकेत शेजार नाही, हे विधान आम्हांस मान्य नाही. शेजार निवडण्याची रीत बदलली आहे. पूर्वी तो जन्माने मिळे, मग मालकाच्या मर्जीने, आता ऐपतीने मिळतो. ज्यांचे आजोबा परस्परांच्या देवडीपलीकडे गेले नसते, अशी माणसे आज एका जिन्यावर समोरासमोर राहतात, त्यांची मुले एकाच रिक्षाने शाळेत जातात. कर्ज देणारी बँक आळी विचारीत नाही. हा लाभ लहान नव्हे. मात्र चाळणी नाहीशी झाली असे कोणी समजू नये. १९१५ साली मुंबईत गावदेवीस निघालेली सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था ही आपल्याकडील सहकारी घरबांधणीची आद्य संस्था. तिच्या नावातच जात आहे. आजही अमुक आहाराच्या लोकांसाठीच इमारत, अशी कुजबूज शहरांत ऐकू येते. दगडमातीची आळी मोडली म्हणजे मनातील आळी मोडतेच असे नाही.

हा अनुभव केवळ आपला नव्हे. लंडनच्या पूर्व भागात, बेथ्नल ग्रीन येथील जुन्या दाट वस्तीतील कामगार कुटुंबे दुसऱ्या महायुद्धानंतर दूरच्या नव्या वसाहतीत हलविली गेली. मायकेल यंग व पीटर विल्मट यांनी त्यांचा अभ्यास करून १९५७ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. नवी घरे अधिक हवेशीर, स्वच्छ व स्नानगृहयुक्त होती. लोक त्यांवर खूशही होते. पण लेकीची आई आता दोन गल्ल्यांवर उरली नव्हती, आणि रस्त्यात सहज भेटणारी माणसे ओळखी न वाढविता दारे लावून बसू लागली. यावर उपाय म्हणून जुन्या खुराड्यांत परत जा असे त्या ग्रंथकारांनी सांगितले नाही. माणसे हलवावयाचीच तर नातीगोती व शेजार यांच्यासकट हलवा, असा त्यांचा रोख होता. आपल्याकडे पुनर्विकासाच्या योजना आखणाऱ्यांनी तो ग्रंथ वाचला असता तर बरे झाले असते.

फलटणपुरती या सर्वाची एक कसोटी दरवर्षी आपोआप लागते. सातारा जिल्ह्यातीलच आरफळच्या हैबतबाबांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीस आजचे स्वरूप दिले. आळंदीहून निघालेला तो सोहळा लोणंद, तरडगाव करीत फलटणास मुक्कामाला येतो आणि दुसऱ्या दिवशी बरडकडे निघतो. पालखीचा तळ विमानतळाच्या मैदानावर पडतो, पण लाखो माणसे एका मैदानात मावत नाहीत. ती गावात पसरतात. एका रात्रीपुरते सारे गाव यजमान होते, आणि यजमानाच्या घराची घडण तेव्हा उघडी पडते. वाड्याच्या ओट्यावर, देवडीत व चौकात परगावची पन्नास माणसे सहज पहुडत. मालकास त्यांची नावे ठाऊक नसत, ती पुढल्या वर्षी तीच असतील असेही नसे. बंगल्याच्या अंगणात तंबू पडतो. तिसऱ्या मजल्यावरील सदनिकेत मात्र पन्नास अनोळखी माणसे कशी उतरवावीत? दिवाणखान्यात पाच माणसांची सोय होईल, तीही ओळखीची असली तर.

आळंदीपासून पंढरपुरापर्यंतच्या पालखीमार्गावर या अडचणीतून एक वाट निघालेली दिसते. इमारतीखालची वाहने ठेवण्याची जागा त्या दिवशी मोकळी करतात. मोटारी व दुचाक्या रस्त्याकडेला जातात, फरशी धुतली जाते, सतरंज्या अंथरतात, नळाला लांब नळी जोडतात. वरच्या मजल्यांवरून पिठले, भाकरी व चहाची किटली खाली येते. एरवी उद्वाहनात एकमेकांकडे पाहून जेमतेम मान हलविणाऱ्या बायका तेथे परातीभोवती बसून भाकऱ्या मोजतात, आणि दुसऱ्या मजल्यावरच्या आजींचे माहेर तरडगावचे हे चौथ्या मजल्यावरच्या सुनेस तेव्हा प्रथम कळते. पहाटे दिंडी निघून जाते. सतरंज्या झटकल्या जातात, आणि नऊच्या सुमारास मोटारी पुन्हा आपापल्या आखलेल्या चौकटींत येऊन उभ्या राहतात.